विहिरीपासून झाकणापर्यंत : गोल मापाचा हिशोब

गेल्या वैशाखात एका गावी शेततळ्याच्या पाहणीला गेलो होतो. काम आटोपून निघालो तो वाटेतल्या मळ्यात दहा-बारा माणसे जमलेली दिसली. नवी विहीर, काठावर मुरमाचे ढीग, यारी थांबलेली आणि विहिरीचा मालक व खोदाईचा ठेकेदार समोरासमोर उभे. मला पाहताच मालक म्हणाले, "या साहेब, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा आता. वीस फुटाची विहीर ठरली होती. मी म्हटलं, चोवीसची कर. चार फूट वाढलं. विसावर चार म्हणजे शेकडा वीस. मी वीस टक्के जादा देतो म्हणतोय, तर हा गडी निम्म्याच्या जवळपास जादा मागतोय!"

ठेकेदार शांत माणूस. तो एवढेच म्हणाला, "साहेब, मी लबाडी करत नाही. निघालेला माल मोजा आणि ब्रासने पैसे द्या. माझं दुसरं काही म्हणणं नाही."

जमलेल्या मंडळींना वाटले असणार की कृषी खात्याचा माणूस शेतकऱ्याच्याच बाजूने बोलणार. मलाही तसेच बोलायला आवडले असते. पण मालाच्या पिशवीवर पेनने हिशोब मांडला तेव्हा ठेकेदाराचे बरोबर निघाले. मालकांचा चेहरा पडला. "म्हणजे एवढ्या वर्षांत आमचा अंदाज चुकतच आलाय म्हणा की," असे ते म्हणाले आणि आम्ही सगळे तिथेच मुरमाच्या ढिगावर बसलो.

त्या दिवसापासून मी या गोष्टीकडे जरा लक्ष देऊ लागलो. विहीर, पाइप, बॅरल, कोठी, पर्जन्यमापक, औषधाच्या बाटलीचे झाकण. शेतकऱ्याच्या घरात आणि शिवारात गोल वस्तू किती आहेत पाहा. आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू आपण डोळ्याने मोजतो.

गोल खड्ड्याचे माप काढायची रीत शाळेत सगळ्यांनीच केलेली असते. पाय आर वर्ग एच असे पाठ केलेले आणि परीक्षा झाली की सोडून दिलेले. शिवाय त्रिज्या मोजायला विहिरीच्या मध्यभागी जाऊन उभे कोण राहणार? म्हणून शेतकरी बंधूंनो, व्यासाचीच रीत धरा. व्यासाला व्यासाने गुणा, त्याला खोलीने गुणा, आलेल्या आकड्याला ११ ने गुणून १४ ने भागा. झाले घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

त्या विहिरीचेच पाहू. खोली ४० फूट धरू. वीस फूट व्यास असता तर २० गुणिले २० गुणिले ४०, म्हणजे १६ हजार. अकराने गुणून चौदाने भागले की सुमारे १२,५७० घनफूट, म्हणजे १२६ ब्रास. आता व्यास २४ फूट. २४ गुणिले २४ गुणिले ४०, म्हणजे २३,०४०. त्याचे झाले १८,१०० घनफूट, म्हणजे १८१ ब्रास. वाढ ५५ ब्रासची. शंभर रुपयांच्या जागी १४४ रुपये. मालकांनी रुंदी न वाढवता खोलीच चार फूट वाढवली असती, तर जादा माल निघाला असता फक्त साडेबारा ब्रास.

रीतीत खोली एकदाच येते आणि व्यास दोनदा येतो, तिथे सगळी गोम आहे. विहीर चार फुटांनी रुंद होते तेव्हा ती पूर्व-पश्चिम वाढते तशीच दक्षिण-उत्तरही वाढते. डोळ्याला मात्र एकच बाजू दिसते. काठावर उभे राहून समोर पाहिले की चार फूट म्हणजे दोन पावले, त्यात काय एवढे, असेच वाटते.

बऱ्याच गावांत खोदाई परसावर ठरते. परस म्हणजे पुरुषभर खोली. पुरुष काही सगळे एका उंचीचे नसतात, त्यामुळे परस किती फुटाचा हेही आधी बोलून घ्यावे लागते. परसाचा दर ठरला तो वीस फुटी विहिरीला. रुंदी बदलली की तो दर मोडला असे समजावे आणि नव्याने बोलावे. चिठ्ठीवर व्यास, खोली आणि ब्रासचा दर या तीन गोष्टी लिहाव्यात, दोघांनी सह्या कराव्यात. एवढे केले तर माझ्यासारख्याला वाटेत थांबवायची वेळ येत नाही.

आणखी एक भांडणाची जागा आहे. बांधकामाची विहीर असेल तर खोदाईचा व्यास वेगळा आणि आतला तयार व्यास वेगळा. आत वीस फूट हवे आणि भिंत दीड फुटाची, तर खोदावे लागते तेवीस फूट. वरच्या पंधरा फूट मातीत आणि मुरमात एवढ्या फरकाने १५ ब्रास माल जास्त निघतो. मालक आतून टेप लावतो, ठेकेदार बाहेरचे सांगतो. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांनाही समोरचा चोर वाटतो.

जुन्या विहिरीवर टेप आरपार धरणे जमत नाही. कधी झुडपे, कधी रहाटाचे दगड. तिथे दोरीने घेर मोजावा. घेराला घेराने गुणून, खोलीने गुणून, ०.०८ ने गुणले की घनफूट येतात. शंभरात अर्धा जास्त येतो, तेवढ्याने आपले काही बिघडत नाही.

आता रुंद विहिरीला पाणी जास्त लागते का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. साठते जास्त, हे नक्की. वीस फुटी विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर, चोवीस फुटी विहिरीत तेच १२,८०० लिटर. (एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर.) पण साठणे वेगळे आणि लागणे वेगळे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी येते ते मांजऱ्या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून. भेग जिथे आहे तिथेच आहे, चार फूट रुंदीने नवी भेग सापडेलच असे नाही. झरा बारीक आणि रात्रभर पाणी साठवून सकाळी उपसायचे असेल तर रुंदीचा उपयोग होतो. झराच नसेल तर ५५ ब्रासचे पैसे नुसत्या हौदावर गेले असे म्हणावे लागेल.

टीसीएलची वाटी

विहिरीचा विषय निघालाच आहे तर ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठी एक सांगतो. हे खाते माझे नाही, पण गणित तेच आहे. एका गावात पिण्याच्या दोन विहिरी. जलसुरक्षक दोन्हींत वाटीभर टीसीएल टाकायचा, एक इथे, एक तिथे. माणूस कामाचा पक्का, एक दिवस खाडा नाही. एक विहीर चार मीटर व्यासाची, दुसरी सहा मीटरची, पाणी दोन्हींत पाच मीटर.

मीटरमध्ये मोजले की लिटर काढणे सोपे जाते, कारण एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. पहिल्या विहिरीत ४ गुणिले ४ गुणिले ५, मग ११ आणि १४, म्हणजे सुमारे ६३ घनमीटर. ६३ हजार लिटर. दुसरीत १ लाख ४१ हजार लिटर, म्हणजे सव्वादोन पट. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली, तर पहिलीला १५७ ग्रॅम आणि दुसरीला ३५० ग्रॅमच्या पुढे. वाटी मात्र एकच. पहिलीला पुरेल अशी असेल तर दुसरीतले पाणी नुसते औषधाचा वास लागून राहते, आणि दुसरीला पुरेल अशी असेल तर पहिलीचे पाणी बायका तोंडात धरत नाहीत.

अडीच ग्रॅम हा आकडा मी उदाहरणाला घेतला. पावडर जुनी असेल, पाणी गढूळ असेल तर तो बदलतो, म्हणून आरोग्य विभाग तुमच्या विहिरीला जो आकडा देईल तोच धरावा आणि तासाभराने ओटी टेस्ट करावी. पण त्या आकड्याला गुणायचे कशाने, ते विहिरीच्या मापाशिवाय कळत नाही. व्यास एकदा मोजून विहिरीच्या कठड्यावर रंगाने लिहून ठेवा, तो बदलत नाही. पाण्याची खोली बदलते. ती दोरीला दगड बांधून दर आठवड्याला पाहता येते. शेजारी "एक मीटर पाण्याला इतके ग्रॅम" असे लिहिले तर नव्या माणसालाही अडचण नाही. चार मीटरच्या विहिरीला वरच्या हिशोबाने मीटरमागे ३१ ते ३२ ग्रॅम पडतात, सहा मीटरच्या विहिरीला ७० ते ७१.

तीन एकर, दोन एकर

पाइपाचे गणित याहून वाईट फसवते, कारण पाइपात काय चालले आहे ते दिसतच नाही.

दोन सख्खे भाऊ. सामाईक विहीर, सामाईक मोटर. वाटणीत थोरल्याकडे तीन एकर, धाकट्याकडे दोन एकर. विहिरीपासून सारख्याच अंतरावर दोघांची शेते. जाणत्या मंडळींनी बसून तोडगा काढला की तीन एकरवाल्याने तीन इंची पाइप टाकावा, दोन एकरवाल्याने दोन इंची. दोन्ही एकदम सोडावेत म्हणजे पाळीची कटकट नको. ऐकायला इतके चोख की कोणीच शंका काढली नाही. दोन वर्षांत धाकट्याचा ऊस वाळला. वहिनी-भावजयींचे बोलणे बंद झाले, आणि धाकटा मला म्हणाला, "साहेब, दादा रात्री माझा कॉक फिरवतो."

दादा कॉक फिरवत नव्हता. आम्ही दोनशे लिटरचे एक बॅरल घेतले आणि दोन्ही पाइपांखाली आळीपाळीने धरले, दुसरा पाइप तेवढा वेळ चालूच ठेवून. थोरल्याच्या पाइपाने बॅरल पन्नास सेकंदांत भरले. धाकट्याच्या पाइपाने दोन मिनिटे पाच सेकंद लागले. म्हणजे थोरल्याला अडीच पट पाणी, जमीन मात्र दीड पट.

असे का? दुकानात ज्याला आपण तीन इंची म्हणतो तो पाइप ९० मिलिमीटरचा आणि दोन इंची म्हणतो तो ६३ मिलिमीटरचा, तेही बाहेरून मोजून. ९० ला ६३ ने भागले तर दीड पटही येत नाही. पण पाणी तोंडाच्या क्षेत्रफळातून जाते, आणि तिथे व्यास पुन्हा दोनदा गुणला जातो. तोंड झाले दुप्पट. त्यावर आणखी एक गोष्ट. पाणी पाइपाच्या भिंतीला घासत जाते. बारीक पाइपात पाणी थोडे आणि त्या मानाने भिंत जास्त, म्हणून त्याला अडवणूकही जास्त. म्हणून दुपटीचे अडीच पट झाले.

हेच जरा वाढवून पाहा. बरोबर दुप्पट व्यासाचा पाइप घेतला तर तोंड चौपट होते, आणि तोच दाब ठेवून तितक्याच लांब पाणी नेले तर सुमारे सहापट पाणी मिळते. "चार इंचीच्या जागी दोन इंचीचे दोन टाकू, तेवढेच" असे म्हणून नडलेले मी पाहिले आहेत. तोंडेच चार लागतात, आणि लांबवर न्यायचे तर सहाही कमीच वाटतील.

भावांचा निकाल सोपा होता. दोघांनी एकच ९० चा पाइप वापरायचा आणि पाळी घड्याळावर. तीन तास थोरला, दोन तास धाकटा. धाकट्याला नवा पाइप टाकण्याचा खर्च आला, त्यातला अर्धा थोरल्याने दिला, असे नंतर कळले. भावजया बोलू लागल्या की नाही ते मी विचारले नाही.

कोठी आणि रास

धान्याच्या कोठीत हीच गोष्ट आपल्या फायद्याची होते. तीन फूट व्यासाची आणि पाच फूट उंचीची पत्र्याची कोठी म्हणजे ३५ घनफूट, म्हणजे जवळजवळ बरोबर एक घनमीटर. त्यात गहू साडेसात क्विंटलच्या आसपास बसतो. घनफुटाला २१-२२ किलो हा अंदाज गहू-हरभऱ्याला चालतो. अशा दोन कोठ्या करण्याऐवजी पावणेचार फूट व्यासाची, सव्वासहा फूट उंचीची एकच केली तर धान्य जवळपास तेवढेच मावते आणि पत्रा एक पंचमांश वाचतो. व्यास आणि उंची दोन्ही वाढले की आतली जागा तीन वेळा गुणली जाते, पत्रा दोनच वेळा.

पण वाचलेल्या पत्र्याबरोबर एक धोकाही घरात येतो. मोठ्या कोठीत मधले धान्य भिंतीपासून लांब पडते, आणि आत उष्णता धरली तर ती बाहेर यायला जागा कमी असते. म्हणून मोठी कोठी करणाऱ्याने धान्य जास्त वाळवून भरावे. दहा-बारा टक्क्यांच्या वर ओल नको. दाताखाली कट्ट वाजले पाहिजे. अर्धवट वाळलेला गहू छोट्या कोठीत कदाचित निभेल, मोठीत हमखास गरम होईल. कंपोस्टच्या खड्ड्यात हेच आपल्याला हवे असते. टोपलीभर शेणकचरा कधी तापत नाही, गाडीभर ढीग तापतो.

खळ्यावर उक्ता सौदा करणाऱ्यांसाठी जाता जाता एक जुनी रीत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त खड्ड्यांचे आणि धान्याच्या राशींचे वेगळे गणित दिले आहे. त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. तेव्हा ही विद्या आपल्याच मातीतली म्हणायला हरकत नाही. रीत अशी. राशीचा घेर दोरीने मोजा. त्याचा सहावा भाग घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि राशीच्या उंचीने गुणा. आणि उंचीवर चढून मोजायचीही गरज नाही. जाड धान्य असेल तर घेराचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा, कुसळाचे असेल तर नववा भाग उंची धरावी, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

हरभऱ्याची रास घ्या. घेर अठरा फूट, उंची १.८ फूट. सहावा भाग तीन, तीन त्रिक नऊ, गुणिले १.८, झाले १६ घनफूट. साडेतीन क्विंटल. शेजारची रास चोवीस फूट घेराची. डोळ्याला ती पहिलीच्या दीडपटही दिसत नाही. तिचे होतात ३८ घनफूट, म्हणजे सव्वाआठ क्विंटल. व्यापाऱ्याचा डोळा यात तयार असतो, आपला नसतो. उक्ते देण्यापूर्वी दोरी फिरवायला पाच मिनिटे लागतात.

तलाठी आणि शाळेच्या गुरुजींसाठी पर्जन्यमापकाची एक गोष्ट. आता महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रे आली असली तरी हाताने मोजायची यंत्रे अनेक ठिकाणी आहेत. त्यांची तोंडे दोन मापांची येतात, २०० चौरस सेंटिमीटर आणि १०० चौरस सेंटिमीटर. दहा मिलिमीटर पाऊस झाला तर पहिल्यात २०० मिलिलिटर पाणी जमते, दुसऱ्यात १००. प्रत्येकाचे मोजायचे काचपात्र वेगळे. एका ठिकाणी काचपात्र फुटले आणि दुसऱ्या मापाचे आणून ठेवले, तेव्हा अख्खा श्रावण अर्धाच पाऊस नोंदला गेला. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे पात्रावरचे माप आणि यंत्रावरचे माप जुळते का ते एकदा पाहण्याचे महत्त्व कळेल. पात्रच नसेल तर सरळ उभ्या भिंतीचा कोणताही डबा उघड्यावर ठेवा आणि पट्टीने आतल्या पाण्याची उंची मोजा. डबा अरुंद असो की रुंद, उंची तीच येते. बादली मात्र नको, तिच्या भिंती तिरक्या असतात.

दीड झाकण

आता सगळ्यात लहान गोल वस्तू. मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते.

वांग्याच्या एका प्लॉटवर बोलावणे आले. पाने कडेने करपलेली, फुले गळालेली. शेतकरी तरुण, बारावी झालेला, घरी दोन वर्षांची मुलगी. रोग दिसेना, कीडही दिसेना. फवारणी कोणती केली विचारले तर औषध योग्यच होते. प्रमाण विचारले. "नेहमीचंच साहेब, पंपाला दीड झाकण. तीन वर्षं हेच मारतोय."

बाटली दाखव म्हटले. तेव्हा उलगडा झाला. आधी तो पाव लिटरची बाटली आणायचा. या वेळी लिटरमागे स्वस्त पडते म्हणून एक लिटरची आणली होती. औषध तेच, लेबल तेच. झाकण मोठे. जुनी रिकामी बाटली गोठ्याच्या वळचणीला सापडली (तशी ती तिथे सापडायला नको होती, पण तो विषय वेगळा). दोन्ही झाकणे पट्टीवर मोजली. जुने आतून तीन सेंटिमीटर रुंद, दीड सेंटिमीटर खोल. नवे चार सेंटिमीटर रुंद, दोन सेंटिमीटर खोल. हातात धरले तर मोठे आहे एवढेच वाटते.

तीन गुणिले तीन गुणिले दीड, मग ११ आणि १४. जुन्या झाकणात साडेदहा मिलिलिटर. त्याचे दीड झाकण म्हणजे सोळा, आणि पंधरा लिटरच्या पंपाला लेबलवर होते पंधरा मिलिलिटर. म्हणजे तीन वर्षे त्याचे बरोबर चालले होते. नव्या झाकणात चार गुणिले चार गुणिले दोन, म्हणजे २५ मिलिलिटर. दीड झाकणाचे झाले साडेसदतीस. रुंदी आणि खोली दोन्ही फक्त एक तृतीयांशाने वाढल्या आणि औषध झाले जवळपास दोन पूर्णांक चार पट. खळ्यावरच्या त्या दोन राशींत जेवढा फरक होता, अगदी तेवढाच.

त्याने असे बारा पंप मारले होते. पैसे गेले ते गेलेच. पण बारा पंप पाठीवर घेऊन तो स्वतः त्या तुषारात फिरला होता, आणि आदल्या बाजारी त्याच प्लॉटवरची वांगी विकूनही झाली होती. मी विचारले, डोके दुखले होते का? बायको आतून म्हणाली, "दुखलं होतं की. उलटीपण झाली. म्हटलं उन्हानं झालं असेल." त्याला तसाच दवाखान्यात पाठवला, बाटलीचे लेबल बरोबर देऊन. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचले आहे. त्यामागे कारणे अनेक होती. पण उन्हाने झाले असेल असे म्हणून दुखणे अंगावर काढायची सवय सगळीकडे आहे.

आम्ही कृषी खात्याची माणसेही यात थोडी दोषी आहोत. बैठकीत बोलताना घाईत "एक झाकण टाका" असे मीसुद्धा म्हटलेले आहे. कोणत्या बाटलीचे झाकण, हे सांगितले नाही. आता मी झाकण हा शब्द सोडला आहे. मिलिलिटरच सांगतो, मग समोरचा "म्हणजे किती झाकणं?" असे विचारतो, आणि तिथून पुढे खरे बोलणे सुरू होते.

मोजायला काय लागते? मिलिलिटरच्या रेघा असलेले प्लॅस्टिकचे छोटे मोजपात्र कृषी सेवा केंद्रात मिळते. नाही मिळाले तर औषधाच्या दुकानातून सुईशिवाय सिरिंज आणावी. तिच्यावर "विष" असे लिहून ती औषधाच्याच पेटीत ठेवावी, घरातल्या मुलांच्या हाती लागता कामा नये. दुकानदाराने बाटली बदलून दिली, कंपनी बदलली, मोठा पॅक घेतला, तरी झाकणावर विसंबू नये. आणि हातमोजे, तोंडाला फडके हे तर सांगायलाच नको, तरी सांगतो.

तो तरुण दोन दिवसांत बरा होऊन घरी आला. वांग्याचा निम्मा प्लॉट वाचला, पुढचे तोडे लेबलवरचे दिवस मोजूनच बाजारात गेले. परवा त्या गावी गेलो तर पंपाच्या पट्ट्याला सुतळीने बांधलेले मोजपात्र लोंबकळत होते. त्याच्या पंधरा मिलिलिटरच्या रेघेवर त्याने बायकोच्या नेलपॉलिशने लाल खूण केली होती.